तिसरा आकडा

तैग्रिस नदी कूट गावापाशी येते आणि एकदम मागे फिरते. घोड्याच्या नालेसारखा मोठा वळसा घेते. त्या वळशाच्या पोटात मातीच्या भिंतींचं, खजुरीच्या झाडांचं ते गाव वसलेलं आहे. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला नजर पोचेल तिथवर सपाट माळ. दक्षिण इराकच्या या भागात दगड म्हणून सापडत नाही. हजारो वर्षं दोन नद्यांनी वाहून आणलेला नुसता गाळ. पावसात तो पावलांना चिकटतो, उन्हाळ्यात त्याचाच फुफाटा होतो. ज्याचं बालपण सह्याद्रीच्या कातळावर अनवाणी गेलं, ज्याच्या घराचं जोतं दगडाचं, शेताचा बांध दगडाचा आणि वेशीवरचा देवही दगडाचा, त्याला ही भुई किती परकी वाटली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या डिसेंबरात, या वळशाच्या आत इंग्रजांचं जे सैन्य कोंडलं गेलं, त्यात आपल्याकडचे हजारो शिपाई होते. त्यांतले कित्येक आधी जखमी झाले, मग उपाशी राहिले आणि मग कैद झाले. त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

त्या सैन्याचं नावच सहावी पुणे डिव्हिजन होतं. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या: १०३ वी, ११० वी आणि ११७ वी. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगाव या भागांतली पोरं पलटणीत नाव घालायची ती महिना अकरा रुपयांवर. जमिनीचा तुकडा चार भावांत वाटलेला, पावसाचा भरवसा नाही, सावकाराचं देणं डोक्यावर. अशा घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम येणं ही मोठी गोष्ट होती. शिवाय पलटणीचा मान होता, बाप-आजाची परंपरा होती. आपण लढायला कुठं चाललो आहोत हे बोटीत पाय ठेवेपर्यंत अनेकांना ठाऊकही नसेल.

इंग्रजांना इराणच्या आखातातलं तेल राखायचं होतं. आबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्यावर त्यांचं आरमार अवलंबून राहू लागलं होतं, आणि तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं युद्धात उतरला होता. १९१४ च्या नोव्हेंबरात सैन्य फाव इथं उतरलं, त्याच महिन्यात बसरा हाती आलं. मग जून १९१५ मध्ये अमारा, सप्टेंबरात कूट. प्रत्येक विजयानं पुढच्या गावाचा मोह वाढवला. रसद पोचवायला पुरेशा बोटी नव्हत्या, औषधं नव्हती, डॉक्टर अपुरे होते. पण बगदाद आता जवळ दिसत होतं. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली हे थकलेलं सैन्य नदीकाठानं वर सरकत राहिलं.

२२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादच्या अलीकडे, सलमान पाक इथं लढाई जुंपली. इंग्रज त्या जागेला टेसिफॉन म्हणतात. तिथं सासानी राजांच्या महालाची प्रचंड विटांची कमान अजून उभी आहे. त्या कमानीच्या सावलीत आपल्या माणसांनी तुर्कांचे खंदक घेतले, गमावले, पुन्हा घेतले. दिवस मावळेपर्यंत मारल्या गेलेल्या आणि घायाळ झालेल्या माणसांची संख्या चार हजारांच्या वर गेली होती. पुणे डिव्हिजनमधला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस.

त्या रात्रीची थंडी वाळवंटातल्या नोव्हेंबरची होती. जखमींना उचलायला होती ती सामान वाहायची, खेचरांनी ओढायची दुचाकी गाडी. तिला स्प्रिंगा नव्हत्या. मांडीचं हाड मोडलेला माणूस, पोटात गोळी शिरलेला माणूस, दोघेतिघे मिळून त्या गाडीत आडवे घातलेले, आणि खाली उंचसखल माळ. नदीकाठच्या बोटींपर्यंत असे मैलोन् मैल जायचं होतं. काहींनी गाडीत बसणं नाकारलं आणि फुटलेल्या पायांनी चालणं पत्करलं. ज्यांनी ते पत्करलं त्यांना गाडीची वेदना किती असेल हे कळलं होतं.

पुढं बोटी. 'मजिदिया' नावाची आगबोट जखमी घेऊन बसऱ्याला पोचली तेव्हा तिथल्या इस्पितळी जहाजावर मेजर कार्टर नावाचे डॉक्टर होते. लांबून त्यांना बोटीच्या कडांवरून दोर लोंबताहेत असं वाटलं. बोट जवळ आली तेव्हा कळलं की ते दोर नव्हते. माणसं इतकी दाटीनं पडली होती की त्यांना कडेपर्यंत सरकताही येत नव्हतं, आणि अनेक दिवसांची विष्ठा बोटीच्या बाजूंवर वाळून लोंबत होती. जखमा कित्येक दिवस उघडल्या नव्हत्या. कार्टरनी जे पाहिलं ते वरिष्ठांना लिहून कळवलं, तेव्हा त्यांनाच अटकेची धमकी मिळाली. इकडे सरकारकडे गेलेल्या तारेत मात्र जखमींची एकंदर स्थिती अत्यंत समाधानकारक असल्याचं म्हटलं होतं. १९१७ साली मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला, कार्टरचं म्हणणं खरं ठरलं आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावं लागलं. एका डॉक्टरनं खरं बोलायचं ठरवलं म्हणून त्या बोटीवरचे लोक इतिहासात राहिले. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मात्र आपल्याला माहीत नाही.

उरलेलं सैन्य माघार घेत ३ डिसेंबरला कूटला पोचलं आणि टाउनशेंडनं तिथंच थांबायचं ठरवलं. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पुरा केला. तो जवळजवळ पाच महिने चालला.

वेढ्याचे पहिले दिवस गोळीबाराचे होते. वळशाच्या टोकाला मातीचा एक किल्ला होता. २४ डिसेंबरला तुर्कांनी तोफा लावून त्याची भिंत पाडली आणि आत मुसंडी मारली. तो किल्ला राखणाऱ्यांत १०३ वी मराठा पलटण होती. रात्रभर हातघाई चालली, हातबॉम्ब फुटले, आणि सकाळी किल्ला टिकला होता. जखमींना गावातल्या छपराच्या बाजारात नेलं. एरवी जिथं कापड आणि मसाले विकले जायचे त्या गाळ्यांत आता रांगेनं माणसं निजवली होती. तोफगोळ्यांपासून आणि पुढं विमानातल्या बॉम्बपासून तो बाजारही सुटला नाही.

मग भूक आली. गावात जव सापडले होते, पण दळायचे कशावर? दगड नसलेल्या त्या देशात चक्कीचे दगड विमानातून खाली टाकण्यात आले. या एका गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. विमान ही तेव्हा अवघ्या बारा वर्षांची नवलाई होती. खंदकात बसलेल्या, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच विमान पाहिलेल्या शिपायानं मान वर केली असेल, आणि आभाळातून दळणाचा दगड पडताना पाहिला असेल. त्याच पहाटे त्याच्या घरी जातं फिरत असणार, त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या ओव्यांत त्याचं नाव येत असणार. तिला ठाऊक नव्हतं तो कुठं आहे, आणि त्याला ठाऊक नव्हतं आपण घरी जाऊ की नाही. एप्रिलमध्ये पिठाची पोतीही विमानातून टाकली गेली. वेढ्यातल्या सैन्याला आकाशातून अन्न पोचवण्याचा जगातला हा पहिलावहिला मोठा प्रयत्न होता. कित्येक पोती नदीत पडली.

घोडे आणि खेचरं कापायची वेळ आली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. आपल्या लोकांनी नाही म्हटलं. कोणी दटावलं, कोणी समजावलं, हिंदुस्थानातल्या धर्मपुढाऱ्यांकडून परवानगीच्या तारा मागवल्या. तरी आठवड्यांमागून आठवडे बहुतेक शिपाई मूठभर जवाच्या पिठावर राहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी याला हट्ट म्हटलं. मला त्यात दुसरंच काही दिसतं. हे शिपाई मरणाला भीत नव्हते. त्यांना भीती होती परत गेल्यावरची. हे खाल्लं असं गावात कळलं तर पंगतीला कोण घेईल, मुलींची लग्नं कुठं होतील? म्हणजे वेढ्यात अडकून, हिरड्यांतून रक्त येत असतानाही त्यांच्या मनात गाव शाबूत होतं. आपण परत जाणार आहोत हे त्यांनी धरून ठेवलं होतं, आणि परत जायचं तर गावाला तोंड दाखवता आलं पाहिजे. ज्या गावानं नंतर त्यांना फारसं लक्षात ठेवलं नाही, त्या गावासाठी ते उपाशी राहिले. हिरवा पाला म्हणून रानातलं गवत शिजवून खाल्लं, त्यात विषारी वनस्पती येऊन काही दगावले. स्कर्व्हीनं जुन्या, भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडतात. पहिल्या लढाईत सावरलेला माणूस एप्रिलमध्ये पुन्हा त्या बाजारातल्या गाळ्यात निजला असेल, पाच महिन्यांपूर्वीच्याच घावानं. शेवटी शेवटी बहुतेकांनी घोड्याचं मांस खाल्लं. तेव्हा उशीर झाला होता.

त्यांना सोडवायला बाहेरून सैन्य येत होतं. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला, सन्नायत. चिखलातून, पुरातून त्यांनी पुन्हापुन्हा धडक मारली, आणि वेढ्यात जेवढी माणसं होती त्याहून जास्त, तेवीस हजारांच्या घरात, त्यांना सोडवायच्या प्रयत्नात मारली गेली किंवा जायबंदी झाली. २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची आगबोट धान्य घेऊन अंधारात निघाली. तुर्कांनी नदीत आडवी साखळदोरी लावली होती, त्यात ती अडकली. कूटपासून ती काही मैलांवरच होती. मग वाटाघाटी झाल्या. ज्यांचं नाव पुढं अरबी बंडामुळं जगभर झालं ते टी. ई. लॉरेन्स पैशांचा प्रस्ताव घेऊन गेले होते. तुर्कांनी पैसे नाकारले.

२९ एप्रिल १९१६ रोजी कूट पडलं. तोफा उडवून दिल्या, बंदुका मोडल्या, आणि सुमारे तेरा हजार माणसं कैदेत गेली. त्यांत लढणारे शिपाई होते, तसे तीन हजारांवर कामकरीही होते: भिस्ती, खेचरं हाकणारे, डोल्या वाहणारे कहार, स्वयंपाकी, झाडूवाले. अगदी आजारी आणि जखमी अशा हजारावर माणसांना अदलाबदलीत परत पाठवण्यात आलं. बाकीच्यांना उत्तरेकडे नेलं. जनरल टाउनशेंड मानानं इस्तंबूलला पोचले आणि मार्मारा समुद्रातल्या एका बेटावर, बंगल्यात, युद्ध संपेपर्यंत राहिले. त्यांचे शिपाई पायी निघाले.

शुमरानच्या तळावर पहिल्यांदा खायला मिळाली ती तुर्की सैन्याची काळी, टणक बिस्किटं. पाच महिने उपाशी असलेल्या पोटांनी ती सहन केली नाहीत. त्याच तळावर कित्येक जण मेले. मग बगदाद. तिथून आगगाडीनं समारा. आणि समाऱ्यापासून तिक्रीत, मोसुल, नुसैबिन करत रास अल-ऐनपर्यंत रणरणत्या उन्हात चालणं. वाटेत शिपायांनी अंगावरचं एकेक विकलं. आधी कोट, मग पांघरूण, शेवटी बूट. बुटाच्या बदल्यात मूठभर खजूर किंवा एक भाकर मिळे. बूट गेल्यावर पाय भाजायचे, आणि पाय भाजलेला माणूस मागे पडायचा. मागे पडलेल्याला पहारेकरी बंदुकीच्या दस्त्यानं ढकलत, आणि तरीही तो उठला नाही तर तांडा पुढं जाई. अनवाणी चालायची सवय असलेल्या आपल्या माणसांच्या टाचांना त्या सवयीनं वाचवलं का? मला तसं मानावंसं वाटतं. कातळावर घट्टे पडलेल्या पावलांनी निदान काहींना तरी पार नेलं असेल.

रास अल-ऐन इथं बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम चाललं होतं. जर्मन इंजिनिअर, तुर्की पहारा आणि कैद्यांचे हात. रूळ टाकणं, खडी वाहणं, भराव घालणं. दिवसाचं अन्न जेमतेम, झोपायला तंबू किंवा जमीन. १९१६-१७ च्या हिवाळ्यात टायफस आला आणि अंगात ताकद नसलेल्यांना घेऊन गेला. त्याच भागात त्याच काळात आर्मेनियन लोकांना हाकलून आणून मारण्यात येत होतं, आणि आपल्या कैद्यांनी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. स्वतःची दशा अशी असताना दुसऱ्या एका जमातीचा संहार पाहणं. त्यांच्या मनावर याचा काय ओरखडा उठला असेल हे विचारायला कोणी त्यांच्याकडे गेलं नाही.

ज्यांना लिहिता येत होतं, त्यांचीच कैद आपल्यापर्यंत पोचली. बंगाल अँब्युलन्स कोअरमधले शिशिर सर्वाधिकारी हे त्यांपैकी एक. सलमान पाकच्या लढाईपासून रास अल-ऐन आणि अलेप्पोच्या इस्पितळांपर्यंत त्यांनी टिपणं ठेवली, ती धोक्याच्या वेळी लपवली आणि चाळीसएक वर्षांनी त्यांवरून बंगालीत 'अभि ले बगदाद' हे पुस्तक लिहिलं. कल्याण मुखर्जी नावाचे बंगाली डॉक्टर रास अल-ऐनलाच वारले. त्यांची पत्रं त्यांच्या आजीनं, मोक्षदादेवींनी, ऐंशीच्या घरात असताना पुस्तकरूपानं जतन केली. शिशिरबाबूंच्या लेखनात फुशारकी नाही. रुग्णाच्या शेजारी बसलेला माणूस जसं बोलतो तसं ते लिहितात. तुर्की शिपाईसुद्धा त्यांच्या लेखनात माणूस असतो, तोही भुकेला, तोही घरापासून लांब.

आणखी एका जागी कैदी शिपायांचा आवाज उरला आहे. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत फ्रान्सच्या आघाडीवर पकडलेले हिंदी शिपाई ठेवले होते. जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी त्यांना फोनोग्राफसमोर उभं करून बोलायला सांगितलं. ११ डिसेंबर १९१६ रोजी मल्लसिंग नावाच्या पंजाबी शिपायानं तिथं आपलीच कहाणी सांगितली, परक्या माणसाची सांगावी तशी, तृतीय पुरुषात. हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस होता, तो युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, त्याला आता घरी जायचं आहे. ती तबकडी बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहे. मी ते बोलणं ऐकलं आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा तो घोगरा आवाज ऐकताना अंगावर काटा आला, आणि पहिला विचार मनात आला तो रास अल-ऐनचा. तिथं कोणी तबकडी नेली नाही. तिथं साताऱ्याच्या बोलीत, मालवणी हेलात कोणीतरी रात्री पडल्यापडल्या शेजाऱ्याला आपल्या गावच्या जत्रेचं सांगितलं असणार. ते तिथल्या वाऱ्यावर गेलं.

३० ऑक्टोबर १९१८ ला मुद्रोसचा युद्धविराम झाला आणि कैदी सुटले. कूटमध्ये पकडलेल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून जास्त कैदेत मेले होते. हिंदी शिपाई आणि कामकऱ्यांपैकी मेलेल्यांची आणि पत्ता न लागलेल्यांची संख्याही हजारांत होती. जे जगले ते मुंबईच्या धक्क्यावर उतरले. त्या वर्षी पाऊस पडला नव्हता, आणि इन्फ्लुएन्झाची साथ मुंबई इलाख्यात लाखो माणसं घेऊन गेली होती. तिकडे टायफसमधून वाचलेला माणूस घरी आला आणि घराला कुलूप, किंवा दारात फक्त म्हातारी, असं किती ठिकाणी झालं असेल. तीन वर्षं ज्या गावाच्या नावानं त्यानं श्वास धरून ठेवला, ते गाव अर्धं रिकामं झालं होतं.

अशा शिपायाचं एक पदक मी हातात घेऊन नीट पाहिलं आहे. चांदीचं, पुढच्या बाजूला पाचव्या जॉर्जचा चेहरा. त्याची कड बोटानं फिरवली की खाचा लागतात: नंबर, शिपाई हा हुद्दा, रोमन लिपीत वेडंवाकडं झालेलं नाव आणि पलटण. भिंगाखाली धरल्याशिवाय ती अक्षरं वाचता येत नाहीत. सलमान पाक त्यावर नाही, कूट नाही, रास अल-ऐन नाही. युद्धभर बसऱ्याच्या गोदामात राहिलेल्याचं पदक आणि याचं पदक सारखंच.

आपल्याकडच्या अनेक गावांत संगमरवरी पाट्या आहेत. चावडीच्या भिंतीत, देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात त्या बसवलेल्या असतात. मजकूर बहुधा एकच: या गावातून महायुद्धात अमुक माणसं गेली, त्यांपैकी अमुक कामी आली. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावानं त्या युद्धात ४६ माणसं गमावली आणि आज ते गाव अपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखलं जातं. या पाट्यांपुढं मी मान लववतो. पण त्यांवर दोनच आकडे आहेत: गेलेल्यांचा आणि मेलेल्यांचा. तिसरा आकडा कोणीच कोरला नाही. जे पकडले गेले, जे अंगावरच्या जखमांसह तुर्कांच्या रेल्वेवर राबले, जे परत आले आणि मग आयुष्यभर पेन्शन आणायला तालुक्याला जात राहिले, त्यांच्यासाठी त्या दगडावर जागा नाही. शरण गेलेला शिपाई आपल्याला नीट मांडता येत नाही. हुतात्मा कळतो, विजेता कळतो. पकडला गेलेला मात्र काहीतरी कमी पडलेला वाटतो. हे चूक आहे, आणि अन्यायाचं आहे. कूटच्या शिपायांनी शरणागती पत्करली नव्हती, त्यांच्या जनरलनं पत्करली होती. त्यानंतरची अडीच वर्षं त्यांनी जी लढाई केली ती बंदुकीशिवाय, बुटांशिवाय, औषधाशिवाय केली, आणि त्या लढाईत जगून परत येणं हाच विजय होता.

मेलेल्यांच्या बाबतीतही न्याय झाला असं नाही. १९२९ साली उभारलेल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक बेपत्ता मृतांची नोंद आहे. तिथं इंग्रज सैनिकांची नावं कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा कोरला गेला. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते सगळं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात हलवलं. २०२१ साली राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं या भेदभावाची चौकशी करून जाहीर माफी मागितली.

कैदेची गोष्ट सांगितली गेली की ती टिकते, हे आपण पाहिलेलं आहे. १९७१ च्या युद्धात विमान पडून पकडले गेलेले दिलीप परुळकर आपल्या दोन साथीदारांसह ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि अफगाण सरहद्दीच्या तोंडाशी, लंडी कोतलला पकडले गेले. त्यांचा बेत फसला, तरी पकडलं जाणं म्हणजे हरणं असं त्यांच्याबाबत कोणाच्या मनात येत नाही. कारण ते बोलले, लोकांनी ऐकलं, पुस्तक झालं, चित्रपट झाला. कूटच्या शिपायाच्या बाबतीत ऐकणारा कोणी नव्हता.

ऐकण्याची वेळ पुरती गेली आहे असं मला वाटत नाही. साताऱ्यात, कोकणात, कोल्हापूर-बेळगावकडे अशी घरं आहेत जिथं ट्रंकेच्या तळाशी एखादं पदक, पेन्शनचं जुनं पुस्तक किंवा उर्दू-इंग्रजी छापाचा कागद पडून आहे, आणि खापरपणजोबा बसऱ्याच्या लढाईत होते एवढंच सांगितलं जातं. ते पदक बाहेर काढा आणि त्याच्या कडेवरचा नंबर आणि पलटण भिंग लावून उतरून घ्या. १०३, ११० किंवा ११७ मराठा असेल, तर तुमच्या घरातला माणूस कूटमध्ये असण्याची बरीच शक्यता आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची नावं शोधता येतात, आणि आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं आणि याद्या २०१४ पासून सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि गावातल्या शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत द्या. ज्या गावाची लाज राखायला हे शिपाई कूटमध्ये उपाशी राहिले, त्या गावानं त्यांची नावं आता लिहून काढावीत.